हिमनदीतून निघणाऱ्या ओढ्याचा प्रवाह जागेवर कसा मोजतात? गोव्यात राहून हे शिकता येईल का?

शिकता येईल. सत्तरी तालुक्यातल्या व्हाळांवर, म्हणजे ओढ्यांवर, मी विद्यार्थ्यांकडून हाच सराव करून घेतो. शिवाय वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचं ‘हिमांश’ हे हिमनदी-संशोधनाचं ठाणं २०१६ पासून हिमाचलातल्या स्पितीत, १३,५०० फुटांवर आहे. म्हणजे विषय गोव्याला परका नाही.

पुस्तकी पद्धत अशी: पात्राचे उभे पट्टे पाडायचे, प्रत्येकाची रुंदी, खोली आणि वेग घ्यायचा, गुणून बेरीज करायची. संथ पात्रात ती उत्तम. हिमनदीच्या तोंडाशी मात्र पाणी दगडगोट्यांतून उसळत येतं, गढूळपणामुळे तळ दिसत नाही, आत उतरणं जिवावर बेतू शकतं. तिथे माझा कौल मिठाला.

कोरडं, वजन केलेलं मीठ त्याच ओढ्याच्या पाण्यात पूर्ण विरघळवून एकदम ओतायचं. सेकंदाला १ घनमीटर प्रवाहासाठी साधारण किलोभर पुरतं, कारण बर्फाच्या पाण्यात मुळात क्षार फार कमी असतात. खाली, रुंदीच्या निदान १५-२० पट अंतरावर, विद्युतवाहकता मापक (पाण्यातून वीज किती सहज वाहते ते दाखवणारा; मीठ वाढलं की आकडा वाढतो) ठेवायचा. मध्ये दुसरा ओहोळ मिळता कामा नये, मापकाभोवती बुडबुडे नकोत. आकडा चढतो, उतरतो, मूळ जागी येतो. त्याच पाण्यात ठरावीक मीठ घालून मापक आधी पारखलेला असला, की वाहकतेवरून मिठाचं प्रमाण कळतं. मूळचं प्रमाण वजा करून वेळेनुसार मिठाच्या प्रमाणाचा आलेख काढा, त्याखालचं क्षेत्रफळ मोजा आणि मिठाच्या वजनाला त्यानं भागा. तोच प्रवाह.

पण तो त्या वेळेपुरता! बहुतेक जण इथेच फसतात. ऊन चढतं तसं बर्फ वितळतं; ओढा दुपारनंतर, संध्याकाळकडे फुगतो आणि पहाटे ओसरतो. सकाळच्या एका मोजणीवरून दिवसाचं पाणी ठरवलं तर ते हमखास कमी भरतं. म्हणून पातळी सतत नोंदवणारा दाबमापक बसवायचा, वेगवेगळ्या पातळ्यांना मीठ ओतून पातळी आणि प्रवाह यांचा आलेख बांधायचा. पुरानं तळ सरकतो, तेव्हा हा आलेख दर हंगामात पुन्हा तपासावाच लागतो.

सरावासाठी भरतीचं पाणी पोचत नाही असा व्हाळ निवडा. मांडवीत भरती सुमारे ५० किमी आत, गांजेपर्यंत जाते. तिथे मिठाची ही मोजणी चालणार नाही. भर पावसात जाऊ नका, ऑक्टोबरात जा. मापक दोन्ही काठांना लावून पाहा. दोन्हीकडची उत्तरं जुळली नाहीत तर मीठ नीट मिसळलेलं नाही, मापक आणखी खाली न्या.