चपलेत पुडी सापडली तर?

प्रश्न : वाशीतल्या व्यसनमुक्ती केंद्रात मी समुपदेशक आहे. दाखल रुग्णाच्या चपलेच्या सोलमध्ये ब्राऊन शुगरची (म्हणजे हेरॉईनची) पुडी सापडली. कपाटात ठेवू का?

उत्तर : मुळीच नको. 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यानुसार मग ताबा तुमचा ठरू शकतो. संडासात टाकलीत, तर पुरावा नष्ट केल्याचा ठपका. न उघडता सहकाऱ्यासमोर पाकिटात सील करा, वेळ लिहा, दोघांनी सह्या करा. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. जाणूनबुजून डोळेझाक केल्यास केंद्रचालकावर याच कायद्याचे कलम 25 (जागा गुन्ह्यासाठी वापरू देणे) येऊ शकते.

रुग्ण घाबरेल, त्याला धीर द्या. हेरॉईन 5 ग्रॅमच्या आत असेल आणि तो सरकारमान्य केंद्रात स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर कलम 64-अ खाली खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ते जाऊही शकते. त्याची फाइल मात्र फोनवर कुणालाच सांगू नका. लेखी मागणी घ्या.