आजेसासूबाईंची फ्रेंच डबी मोडीत देऊ का?

प्रश्न : ताई नमस्कार, माझ्याकडे आजेसासूबाईंची दागिन्यांची डबी आलीये. चांदीची आहे, झाकणावर शिंपल्याचे पातळ तुकडे बसवलेत, उन्हात धरली की गुलाबी-हिरवी झाक मारते. घरात सगळे म्हणतात फ्रान्सची आहे. लक्ष्मी रोडवर एका सराफाला दाखवली तर तो म्हणाला शिंपला काढून टाका, चांदीचं वजन करून मोडीत घेतो. खूप काळी पडलीये, चिंचेने घासून देऊन टाकू का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : मोडीत अजिबात देऊ नका, आणि चिंच तर डबीजवळही आणू नका! सराफाला टंच आणि वजन कळतं, त्याचा तो धंदाच आहे, पण या डबीची किंमत वजनात नाहीये हो.

आधी एक भिंग घ्या आणि झाकणाची कड, बिजागरीजवळची जागा, तळ नीट बघा. तिळाएवढा शिक्का असेल, शिरस्त्राण घातलेल्या बाईचा चेहरा, ती मिनर्व्हा देवी, 1838 पासून फ्रान्समध्ये चांदीवर मारतात. जुन्या वस्तूवर शेजारी 1 आकडा असेल तर हजारात 950 भाग चांदी, 2 असेल तर 800. लहान वस्तूंवर मिनर्व्हाऐवजी रानडुकराचं डोकंही सापडतं. कारागिराचा शिक्का वेगळा, शंकरपाळ्याच्या आकारात त्याची अक्षरं असतात, आणि तो चक्क सरळ चौकोनात असला तर मात्र चांदीचा नुसता मुलामा समजा.

आता शिंपला. कोकणात शिंपले भाजून चुना करायचे ना, त्याच जातीचा पदार्थ हा, आंबट लागलं की विरघळायलाच लागतो. माझ्या मामीने शिंपल्याची बटणं चिंचेच्या पाण्यात टाकली होती, तासाभराने काढली तर खडूसारखी पांढरीफटक, ती चमक परत आलीच नाही, मला अजून वाईट वाटतं. म्हणून लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, सोडा-फॉइलचं गरम पाणी, काही नको. पाण्यात बुडवली की खालचा डिंक सुटतो आणि तुकडे उचकटतात. शिंपला घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने पुसा, लगेच कोरडा करा. चांदी सुक्या सुती कापडाने हळूहळू, नक्षीच्या खाचांतला काळेपणा राहू द्या, त्यानेच तर नक्षी उठून दिसते. तुकडा हलत असेल तर फेविक्विक लावू नका, जुन्या वस्तूंचं काम करणाऱ्याकडे न्या. पावसाळ्यात धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळा, रबरबँड आणि लोकर लांब, त्यांच्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते.

आणि शिंपला काढून टाका म्हणणाऱ्याला एवढं सांगा, पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये 1532-33 सालची एक शिंपल्याची पेटी आहे, पिएर मांगो नावाच्या सोनाराने सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीत बसवलेली, आणि तिचा शिंपला गेलाय आपल्या गुजरातेतून!

आतली मखमल विटली असली तरी बदलू नका हं, आजेसासूबाईंच्या अंगठ्यांचे खळगे तिच्यात अजून असतील.