चांदवेल, नेटल आणि जन्मदाखला

तुम्ही विचारलंय की राहुरीहून एम.एस्सी. झालीय, फ्रान्समध्ये द्राक्षाच्या फायटोप्लाझ्मावर (झाडाच्या शिरांत राहणारा, कीटकांमार्फत पसरणारा जंतू), त्याच्या पेशीपटलावरच्या प्रथिनांच्या जनुकांवर पीएच.डी. मिळतेय, बायको आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर येणार, तर जावं का? व्हिसा, विमा, भाडं यांची माहिती सरकारी साइटवर आहे, ती सोडतो.

काम सोन्यासारखं आहे. फायटोप्लाझ्मा 1967 साली जपानमध्ये तुतीवर सापडला, पण त्याला प्रयोगशाळेतल्या बशीत एकटा वाढवणं अजून खात्रीने जमलेलं नाही. ओळख पटवायची ती जनुकांवरूनच. जंतू ओळखायला नेहमी वापरतात ते 16एसचं जनुक गट सांगतं, पण इतकं सावकाश बदलतं की गटातले भाऊबंद सारखेच दिसतात. पटलावरच्या प्रथिनांचं तसं नाही. या जंतूला पेशीभित्तिकाच नाही, त्यामुळे ती प्रथिनं थेट कीटकाच्या आतड्याला भिडतात आणि भराभर बदलतात.

इथे फ्रान्समध्ये द्राक्षावर फायटोप्लाझ्माचा ‘ब्वा न्वार’ नावाचा रोग आहे. पानं खाली वळतात, काडी पिकत नाही, रबरासारखी लोंबते. जंतू शिरांत असतो म्हणून मी दिवसभर ब्लेडने शिरा सोलत बसायचो. एका बागेत ‘स्टॅम्प’ या पटलावरच्या प्रथिनाच्या जनुकाचा क्रम लावला, तर वेलीतला जंतू बांधावरच्या चांदवेलीतल्याशी जुळला. पलीकडच्या नेटलमधला (हात लागला की आग होते ते तण) वेगळा निघाला. रोग पसरवणाऱ्या कीटकाची पिल्लं या तणांच्या मुळांवर वाढतात, द्राक्षावर नाही. म्हणजे वेलीवर फवारून काही होत नाही. तण काढायचं, तेही कीटक उडायच्या आधी, नाहीतर ते वेलीवर जाऊन बसतात. त्या शेतकऱ्याला मी हे बांधावर उभं राहून सांगितलं, तो दिवस अजून आठवतो.

आपल्याकडची उसाची गवताळ वाढ आणि वांग्याचा पर्णगुच्छसुद्धा फायटोप्लाझ्माचेच. हे शिकून परत जायचं म्हणून आलो होतो. अकरा वर्षं झाली.

कागदांचं एकच सांगतो. लग्नात बायकोचं नाव बदललं असेल, तर मुलीच्या जन्मदाखल्यावर आणि पासपोर्टवर आईचं नाव एकच आहे ना, हे निघायच्या आधी बघा. आमच्याकडे दोन नावं होती. ‘ही दोन्ही एकच बाई’ हे पटवण्यात चार महिने आणि तीन शपथपत्रं गेली.

एकटेपणा येतो, रविवारी जास्त. कामाला लागलं की जातो.

शाळेचं मात्र माझ्या मनातून अजून जात नाही. मुलगा पहिले सहा महिने वर्गात एक अक्षर बोलला नाही. बाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं, घरी फ्रेंचच बोला. आम्ही घाबरलो आणि ऐकलं. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये त्याला जेवायला हाक मारायचो. तुम्ही ऐकू नका. मुलं फ्रेंच शिकतातच, घरी मराठीच ठेवा. आता त्याला मराठी समजतं, उत्तर फ्रेंचमध्ये येतं. फोनवर आई मला विचारते, “काय म्हणाला रे तो?” आणि मी तिला मराठीत सांगतो.