वाचकांचे प्रश्न : हार्ड डिस्कची घरघर आणि सोलापूरचा उन्हाळा

प्रश्न : माझ्या घरी सात वर्षांपूर्वी सुटे भाग आणून जुळवलेला संगणक आहे. त्यात 7200 आरपीएमच्या (मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या) दोन हार्ड डिस्क आहेत. शेजारचे यंत्रमाग रात्री बंद झाले की कॅबिनेटमधून ‘घोंऽ’ असा आवाज येऊ लागतो आणि तो एकसारखा न राहता चढत-उतरत राहतो. कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा हाताने दाबून धरला की आवाज बराच कमी होतो. त्याच खोलीत मुलगी दहावीचा अभ्यास करते, तिला या आवाजाचा त्रास होतो. एका परिचितांनी डिस्कभोवती स्पंज गुंडाळण्यास सांगितले, तर दुसऱ्यांनी मोठ्या वेगाचा पंखा बसवा म्हणून सुचवले. एप्रिलमध्ये दुपारी डिस्कचे तापमान 53 अंशांपर्यंत गेले होते. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : पत्रा दाबताच आवाज कमी होतो, हे आपले निरीक्षण फार मोलाचे आहे. आपल्याला जे ऐकू येते त्यातला मोठा वाटा पत्र्याचा आहे, डिस्कचा स्वतःचा आवाज त्यामानाने थोडा असतो. 7200 आरपीएमची डिस्क सेकंदाला 120 फेरे घेते. तिच्या आतील तबकड्या कितीही काटेकोरपणे बनवलेल्या असल्या तरी त्यांच्या तोलात किंचित फरक राहतोच, त्यामुळे डिस्क सेकंदाला 120 वेळा सूक्ष्म थरथरते आणि ही थरथर तिच्या चार स्क्रूंमधून डिस्क बसवण्याच्या लोखंडी पिंजऱ्यात व तेथून बाजूच्या रुंद पत्र्यांत उतरते. मिरजेच्या तंबोऱ्याची नुसती तार हवेत ताणून छेडली तर तिचा आवाज हातभर अंतरावरही नीट पोचत नाही. भोपळा लागला की तीच तार सभागृह भरून टाकते. आपल्या कॅबिनेटचा पत्रा या भोपळ्याचे काम करीत आहे. आवाज चढण्या-उतरण्याचे कारणही यातच आहे. दोन्ही डिस्कवर 7200 असे छापलेले असले तरी त्यांचे प्रत्यक्ष वेग केसभर वेगळे असतात, त्यामुळे त्यांची कंपने काही क्षण एकत्र येतात आणि काही क्षण परस्परांना छेदतात. दोन तंबोरे जवळजवळ, पण अगदी तंतोतंत नव्हेत असे जुळले असता जी लहर ऐकू येते, तीच ही.

खर्च करण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करावी. संगणक बंद करून वीजपुरवठ्याची पिन काढावी, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी आणि एका डिस्कचे स्क्रू काढून ती, तारा जोडलेल्याच ठेवून, पिंजऱ्यातून बाहेर घ्यावी. घरातला जाड सोलापुरी टॉवेल चौपदरी घडी करून कॅबिनेटच्या तळाशी किंवा शेजारी ठेवावा आणि त्यावर डिस्क लेबलची बाजू वर करून आडवी ठेवावी. खालच्या बाजूची सर्किटची पाटी कोणत्याही धातूला लागणार नाही हे पाहावे. मग संगणक सुरू करून ऐकावे. दुसरी डिस्कही अशीच बाहेर घेतल्यावर ‘घोंऽ’ पूर्ण थांबला आणि जवळ कान नेल्यावर केवळ बारीक सूं-सूं राहिली, तर दोष पत्र्याचा आहे याची खात्री झाली. टॉवेलवर ठेवूनही डिस्क मोठ्याने किंचाळत असेल, तर तिचे बेअरिंग झिजले आहे आणि तिच्यावर पैसा खर्च करू नये. चाचणी दहा मिनिटांपेक्षा लांबवू नये, आणि डिस्क फिरत असताना तिला हलवू अथवा उचलू नये.

दहा मिनिटांची ही मर्यादा का, याचे उत्तर आपल्या तापमानाच्या प्रश्नाशी जोडलेले आहे. साडेतीन इंची डिस्क काम करताना साधारण 6 ते 9 वॅट वीज घेते आणि जवळजवळ सगळीच उष्णता म्हणून बाहेर टाकते. डिस्कचे ॲल्युमिनियमचे अंग पिंजऱ्याच्या लोखंडाला घट्ट टेकलेले असते, म्हणून या उष्णतेचा बराच भाग पत्र्यात निघून जातो. ज्या वाटेने आवाज बाहेर पडतो, त्याच वाटेने उष्णताही बाहेर पडते. ती वाट रबराने, इलॅस्टिकने किंवा स्पंजने तोडली की आवाज थांबतो, पण उष्णता आतच कोंडली जाते. आवाज आणि उष्णता यांचा विचार वेगवेगळा करणारे सल्ले म्हणूनच फसतात. स्पंज गुंडाळण्याचा सल्ला तर मी कोणालाही देणार नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका डिस्कभोवती स्पंजाची पट्टी लावून पाहिली होती. आवाज खरोखर गेला, पण अर्ध्या तासात डिस्कला बोट टेकवून ठेवणे अशक्य झाले आणि पट्टी तत्काळ काढावी लागली.

यावरचा मार्ग असा की डिस्क पत्र्यापासून सोडवावी आणि तोडलेल्या वाटेची भरपाई संथ वाऱ्याने करावी. आपल्या कॅबिनेटमध्ये सीडी ड्राइव्हचे सव्वापाच इंची रिकामे खण असतील, तर त्यांत साडेतीन इंची डिस्क ठेवली असता दोन्ही बाजूंना सुमारे दोन सेंटीमीटर जागा उरते. ही जागा आपल्या कामाची आहे. शिंप्याला लागणारे सामान मिळते त्या दुकानातून बोटाच्या पेरापेक्षा कमी रुंदीचे, चांगल्या ताणाचे इलॅस्टिक आणावे. खणाच्या दोन्ही बाजूंच्या भोकांतून ते आडवे ओवून पुढे व मागे असे दोन पाळणे करावेत आणि प्रत्येक पाळण्यात एकदा पीळ देऊन डिस्क त्या पिळात बसवावी, म्हणजे ती वर-खाली दोन्हीकडून धरली जाते. डिस्क कोठेही धातूला टेकता कामा नये, आणि तारा ताठ नसाव्यात, कारण ताठ तारेतूनही कंपन पत्र्यापर्यंत पोचते. आपल्याकडील कोरड्या उष्म्यात इलॅस्टिक लवकर सैल पडते, तेव्हा दर सहा महिन्यांनी ते ओढून पाहावे आणि वर्षातून एकदा बदलावे. पाळण्यात टांगलेली डिस्क असलेला संगणक उचलून दुसरीकडे नेताना मात्र ती काढून ठेवावी. एवढा खटाटोप नको असेल, तर स्क्रू आणि पिंजरा यांच्यामध्ये बसणारी मऊ रबरी वॉशरे लावावीत; लाभ कमी होईल, तरी जाणवण्याइतका होईल.

आता पंख्याविषयी. मोठ्या वेगाचा पंखा बसवला तर एक आवाज जाऊन दुसरा येईल. पंख्याचा वेग निम्मा केला असता वारा निम्मा होतो, पण आवाज मात्र सुमारे 15 डेसिबलने उतरतो, आणि हा फरक कानाला फार मोठा वाटतो. म्हणून लहान पंखा जोरात फिरवण्याऐवजी 120 मिलिमीटरचा मोठा पंखा समोरच्या बाजूला, डिस्कच्या अगदी पुढे बसवून मिनिटाला 600 ते 800 फेऱ्यांवर ठेवावा. बहुतेक मदरबोर्डच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) पंख्याचा वेग ठरवण्याची सोय असते. नसल्यास रोधक बसवलेली तयार जोडतार मिळते. पंखाही रबरी खिळ्यांनीच बसवावा. डिस्कला सोसाट्याचा वारा लागत नाही. डिस्कभोवतीची हवा साचून न राहता हलती राहिली, एवढे पुरते.

53 अंशांच्या आकड्याने घाबरून जाऊ नये, पण तो एकटा पाहूनही चालणार नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये डिस्कचे तापमान दिसते. त्याच वेळी खोलीचे तापमान साध्या तापमापकावर पाहून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहून ठेवावेत. खोली 40 अंशांवर आणि डिस्क 53 वर असेल, तर फरक 13 अंशांचा झाला. आपल्या हातात हा फरक कमी करणे आहे. पंखा कितीही चांगला असला तरी तो डिस्कला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, आणि सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 43-44 अंशांवर जातो तेव्हा ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते. फरक 8-10 अंशांवर आला तर आपली रचना चांगली झाली असे समजावे. बहुतेक घरगुती डिस्कसाठी उत्पादकांनी दिलेली कमाल मर्यादा 60 अंशांची असते. 2007 साली गूगलने आपल्याकडील एक लाखाहून अधिक डिस्कची पाहणी प्रसिद्ध केली. मध्यम तापमानात तापमान वाढले म्हणून डिस्क अधिक संख्येने बिघडतात असे तिच्यात आढळले नाही. अति उष्ण आणि त्यातही तीन वर्षांहून जुन्या डिस्कमध्ये मात्र उष्णतेचा परिणाम दिसला. आपल्या डिस्क सात वर्षांच्या आहेत, त्यामुळे माझ्या मते आपण 50 ही मर्यादा पाळावी. संपूर्ण डिस्कची नक्कल करणे, मोठ्या फाइली हलवणे यांसारखी जड कामे उन्हाळ्यात पहाटे उरकावीत.

एक सोपा उपाय राहिला. दुसऱ्या डिस्कवर केवळ फोटो व चित्रफिती असतील, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 20 मिनिटे वापर नसल्यास डिस्क थांबावी अशी नोंद करावी. मुलीच्या अभ्यासाच्या वेळी ती फिरणारच नाही, आणि दोन डिस्कच्या कंपनांतून उठणारी लहरही त्यामुळे बंद होईल. ही मुदत दोन-पाच मिनिटांवर आणू नये, कारण वारंवार थांबण्या-सुरू होण्याने डिस्क अधिक झिजते.

प्रश्न : आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर टॉवेलचे माग आहेत व वरच्या मजल्यावर संगणक आहे. उन्हाळ्यात संगणक तापतो म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने कॅबिनेटचे एक दार कायमचे उघडे ठेवण्यास सांगितले. शिवाय आम्ही कूलरचा झोत त्यावर सोडतो. हे योग्य आहे का?
— एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : दोन्ही गोष्टी बंद कराव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. टॉवेलच्या मागांतून उडणारा कापसाचा तंतू सामान्य धुळीसारखा नसतो. तो एकमेकांत गुंततो आणि पंख्याच्या पात्यांवर, प्रोसेसरवरील ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांमध्ये आणि डिस्कच्या सर्किटवर अक्षरशः गोधडीसारखा थर धरतो. दार उघडे ठेवल्यास पहिल्या आठवड्यात तापमान कदाचित उतरेल, पण दोन महिन्यांनी ते आधीपेक्षा वर गेलेले दिसेल. शिवाय समोरून आत येऊन डिस्कवरून मागे जाणारा वाऱ्याचा प्रवाह दार उघडे असताना मोडतो आणि डिस्कपाशी हवा साचते.

दार लावून समोरच्या जाळीवर बारीक नायलॉनचे कापड ताणून बसवावे आणि ते दर आठवड्याला झटकावे. मागांच्या हंगामात दर महिन्याला कॅबिनेट उघडून मऊ ब्रशने साफ करावे. फुंकणीने किंवा ब्लोअरने हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण हवेच्या जोराने ती भलत्याच वेगाने फिरली तर बेअरिंग खराब होते. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर बाहेर काढावे आणि मागची बाजू भिंतीपासून निदान वीतभर दूर ठेवावी.

कूलरच्या हवेबरोबर पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार येतात, आणि बोअरच्या जड पाण्यातील क्षार सर्किटवर पांढऱ्या भुकटीच्या रूपाने साठतात. त्या क्षारांवर तंतू चिकटला की ओलसर थर तयार होतो व जोडण्या गंजतात. कूलर खोली थंड करण्यासाठी जरूर वापरावा, खिडकी उघडी ठेवावी, मात्र त्याचे तोंड संगणकाकडे नसावे.

प्रश्न : हे सगळे करण्यापेक्षा एसएसडी (तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क) घेणे बरे नाही का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : बरे आहे. विंडोज आणि रोजचे प्रोग्रॅम एसएसडीवर ठेवावेत. तिच्यात फिरणारा एकही भाग नसल्याने आवाज शून्य असतो, आणि हार्ड डिस्कसारखीच तारेने जोडली जाणारी अडीच इंची साटा एसएसडी फारशी तापतही नाही. मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या एनव्हीएमई पट्ट्या मात्र मोठ्या कामात चांगल्याच तापतात. त्यांच्यावर ॲल्युमिनियमची पट्टी लावावी. एक सावधगिरी सोलापूरकरांनी विशेष बाळगावी. एसएसडीमधील माहिती विजेच्या सूक्ष्म भारांच्या रूपात असते आणि वीज न देता उष्ण जागी दीर्घकाळ ठेवल्यास, विशेषतः बरीच वापरलेली असल्यास, ते भार ओसरू शकतात. पत्र्याच्या माळ्यावरील पेटीत लग्नाचे फोटो एसएसडीवर टाकून वर्षानुवर्षे ठेवू नयेत. त्यासाठी हार्ड डिस्कच घ्यावी, ती खालच्या थंड खोलीतील कपाटात ठेवावी, दर काही महिन्यांनी एकदा चालवून पाहावी आणि तिची दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी.

प्रश्न : माझी डिस्क दर काही सेकंदांनी ‘टक्-टक्’ असा एकसारखा आवाज करते, मध्येच फिरायची थांबते आणि पुन्हा सुरू होते. झाकण उघडून तेलाचा थेंब सोडू का?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : कृपया उघडू नये. डिस्कचे वाचक टोक तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. त्या मानाने धुळीचा साधा कणही डोंगराएवढा असतो, आणि तेल घालण्याजोगी जागा आत नाहीच. असा ठराविक अंतराने येणारा टक्-टक् आवाज बहुधा टोकाला आपली जागा सापडत नसल्याची खूण असतो. रबर, पंखा, इलॅस्टिक यांचा येथे काही उपयोग नाही. संगणक आत्ताच बंद करावा आणि पुन्हा सुरू कराल तेव्हा इतर काहीही न उघडता प्रथम अत्यंत गरजेच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात. माहिती अमूल्य असेल आणि दुसरी प्रत नसेल, तर घरी पुन्हा सुरूही करू नये. धूळविरहित स्वच्छ खोलीची सोय असलेल्या, माहिती परत मिळवणाऱ्या तज्ज्ञांकडे डिस्क तशीच द्यावी. पाठवताना डिस्कच्या झाकणावरील ‘हे भोक झाकू नये’ अशी सूचना असलेल्या बारीक छिद्रावर चिकटपट्टी लावू नये. डिस्क आधी स्थिर विजेपासून बचाव करणाऱ्या पिशवीत घालावी आणि मगच भोवती टॉवेल गुंडाळावा.