इटलीचा शून्य काढायचा नाही का?

प्रश्न: ताई, मी इंदूरला रामबागेत राहतो, एका शेव-नमकीनवाल्यांच्या ऑनलाइन ऑर्डरचं काम बघतो. फॉर्ममधल्या फोन नंबरच्या पुढचे सगळे शून्य उडवून मग देशाचा कोड लावतो. इंदूरच्या ०७३१ ला चालतं, लंडनलाही चालतं, पण रोमच्या एका काकूंचा घरचा नंबर लागतच नाही. हा नियमच काढून टाकू का?

उत्तर: नियम पूर्ण काढलास तर लंडनवाले अडकतील रे. आपल्याकडचा काय आणि इंग्लंडचा काय, तो शून्य देशातल्या देशात फिरवायचा असतो, बाहेरून लावताना तो गळतो, म्हणून ०७३१ चं +९१ ७३१ होतं. इटलीत मात्र १९९८ पासून लँडलाइनचा शून्य नंबरातच धरतात, म्हणजे रोम +३९ ०६ असंच लावायचं, आणि तिथले मोबाइल ३ ने सुरू होतात, त्यांना शून्य नाहीच! रशियात तर शून्याच्या जागी ८ आहे, हंगेरीत ०६. एवढे नियम हाताने लिहीत बसण्यात अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे, गूगलची लिबफोननंबर ही फुकट लायब्ररी (म्हणजे प्रोग्रॅममधे जोडायचा तयार कोड) घे, देश आणि नंबर दोन्ही तिला दे, शून्याचं काय करायचं ते ती बघते (त्यात इटालियन लीडिंग झीरो नावाचं फील्डच आहे, इतका हा घोळ जुना).

आणखी एक, कोणी ००३९ असं टाकलं तर तुझा प्रोग्रॅम दोन्ही शून्य उडवून वर परत ३९ लावणार, ते ०० म्हणजे + च असतं. दहाच आकडे हवेत असा हट्टही सोड, देशाच्या कोडसकट १५ पर्यंत आकडे चालतात.

डेटाबेसमधे नंबर टेक्स्ट म्हणूनच ठेव, कॉलमचा प्रकार ‘नंबर’ ठेवलास की शून्य गेलाच, आणि कुरियरवाल्यांना सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या यादीची फाइल) पाठवतोस ना, ती एक्सेलमधे नुसती उघडून सेव्ह केली तरी शून्य आणि + दोन्ही गायब. गिऱ्हाइकाने जसं टाइप केलं तसं वेगळ्या कॉलममधे ठेवत जा.

जुन्या ऑर्डरींत इटलीचे जे नंबर ३ ने सुरू होत नाहीत ते बहुतेक शून्य गेलेले लँडलाइन आहेत, ८०० चे टोल-फ्री वगळून. ते आपोआप दुरुस्त करू नकोस, लिस्ट काढ आणि दुकानातून ईमेल करून विचारून घे, काकूंपासूनच सुरुवात कर.