सर गेले, चार्ज कोणाकडे?

प्रश्न : आमच्या कॉलेजचे क्रीडा संचालक सर दिवाळीच्या सुट्ट्यांनंतर परत आलेच नाहीत. चौकशी केली तर ‘राजीनामा दिला’ एवढंच ऑफिसातून सांगितलं. तेव्हापासून आम्हा माजी खेळाडूंच्या ग्रुपवर नुसता धुरळा उडालाय. कोणी म्हणतं संस्थेने काढलं, कोणी म्हणतं दुसरीकडे जास्त पगार मिळाला, एकाने तर किटच्या पैशांवरून काहीबाही लिहिलं. सध्याच्या मुली म्हणतात, सर नाहीत तर आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतच नाही. आमच्यातल्या काहींना आपली मेडल कॉलेजला परत करायची आहेत. मॅडम, आम्ही काय करावं?
– एक माजी कबड्डीपटू, हुडकेश्वर रोड, नागपूर

उत्तर : ताई, एकेरीतच लिहिते, मैदानावरची सवय आहे. तुमचा राग मला पूर्ण पटतो. क्रीडा संचालक गेले की उमरेडहून, काटोलहून एसटीने येणारी पोरगी आधी हाच विचार करते की आता संध्याकाळी प्रॅक्टिसला थांबू की नको. कारण तिच्या बाबांना फोन करून ‘साडेसहाच्या गाडीत मी स्वतः बसवून देतो’ असं सांगणारा माणूस गेलेला असतो. याच नोकरीत असताना असे फोन मीही केलेत. एका मुलीचे वडील शॉर्ट्स घालून खेळायला काही केल्या तयार नव्हते. मी त्यांना सामन्यालाच बोलावलं. रेशीमबागच्या मैदानावर ते कडेला हाताची घडी घालून उभे राहिले. पोरीने बोनस घेतला, वर एक गडी टिपला, तेव्हा शेजारच्याला विचारत होते, ‘हे दोन पॉइंट काहून दिले जी?’ त्या दिवसानंतर शॉर्ट्सचा विषय त्या घरात निघाला नाही. हे काम कुठल्याही जाहिरातीत, कुठल्याही सेवाशर्तीत लिहिलेलं नसतं, आणि सर गेल्यावर ते कोण करणार, हे कॉलेजात कोणालाच सुचत नाही.

पण टीम मागे घेऊ देऊ नका. यात माझं दुमत नाही आणि होणारही नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी वय १७ ते २५, आणि पदवीची वर्षं तीन-चार. शेवटच्या वर्षाच्या मुलीने या मोसमात बहिष्कार टाकला तर तिचा विद्यापीठाचा कलर, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचा मान, गेला तो गेलाच. संस्थाचालकांना त्याची झळही लागणार नाही. सरांनी ज्या पोरींना उभं केलं त्यांनी घरी बसावं, हे सरांना तरी आवडेल का?

मेडलचंही तेच. ती तुम्ही गुडघे फोडून घेतलीत, कॉलेजने दिलेली नाहीत.

किटच्या पैशांचं जे कोणी लिहिलं, त्याला आजच्या आज ते काढायला लाव. उत्तर द्यायला जो माणूस समोर नाही, त्याच्यावर असं लिहिणं मला सहन होत नाही. सरांकडे जायचं तर जरूर जा, सगळ्या मिळून जा. ‘काहून गेले सर?’ हे मात्र विचारू नका. सांगायचं असेल तर ते आपणहून सांगतील.

आता खरं काम. प्राचार्यांना पहिला प्रश्न हा विचारा : चार्ज कोणाला दिला? क्रीडा विभागाच्या कपाटात डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे सामानाची नोंदवही असते, खेळाडूंच्या प्रवेशिकांच्या प्रती, जुने निकाल, संघनिवडीचे कागद असतात. हे कागद तुझ्यासारख्या माजी खेळाडूंच्याही कामाचे आहेत. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी होते, आणि त्या वेळी प्रमाणपत्राच्या मागचं रेकॉर्ड लागतं. घाईत गेलेल्या माणसाच्या कपाटाची किल्ली भलत्याच टेबलाच्या खणात पडून राहते, आणि पुढच्या रंगरंगोटीत ते गठ्ठे रद्दीत जातात. मॅटचंही बघा. तुकडे भिंतीला तिरपे लावून ठेवले की कडा वाकतात, मग जोड बसत नाही आणि १२ बाय ८ मीटरच्या मैदानात मधेच फट राहते. रेडरचा पाय त्यातच अडकतो. तुमचे सर ते आडवे रचून घेत असतील. नव्या माणसाला हे सध्याच्या मुलींनीच सांगायचंय.

दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा : जागा कशी भरणार? पूर्णवेळ, की तासिका तत्त्वावर? तासावर पैसे मिळणारा माणूस कितीही चांगला असला तरी पहाटेच्या मैदानाचे आणि मुलींबरोबरच्या रात्रीच्या प्रवासाचे तास कोण मोजतं? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत या पदासाठी शारीरिक चाचणी आहे. तिशीपर्यंतच्या पुरुषाने १२ मिनिटांत १८०० मीटर आणि महिलेने ८ मिनिटांत १००० मीटर अंतर कापायचं, वय वाढेल तसं अंतर कमी. म्हणजे हा माणूस मैदानात उतरणाराच असला पाहिजे, हे नियमानेच मान्य केलंय. मग खुर्ची रिकामी आहे म्हणून कोणत्याही विषयाच्या प्राध्यापकाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ देऊन वर्ष ढकलायचं, हे आपण का चालवून घ्यायचं?

हे सगळं लेखी द्या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे प्रत्येक संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव तिच्यावर असतात, आणि स्थानिक सदस्यांत एक तरी माजी विद्यार्थी असावा लागतो. तुमच्या कॉलेजात तो कोण, हे आधी शोधा. वर्षात किमान चार बैठका होतात, पुढच्या बैठकीत हा विषय घ्यायला लावा. निवेदनात घोषणा नकोत. चार्ज, स्टॉक, या मोसमात संघासोबत कोण जाणार, आणि भरतीची जाहिरात कधी, एवढंच विचारा. कॉलेज अनुदानित असेल तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्जही टाकता येतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि निवेदनाची पोच घ्यायला विसरू नका, तारखेच्या शिक्क्यासह.

तोपर्यंत तुम्ही माजी मुली जवळच राहता, तर आळीपाळीने प्रॅक्टिसला उभ्या राहा. शिट्टी वाजवायला नेमणूकपत्र लागत नाही. प्राचार्यांना मात्र आधी कळवा. मुलींची जबाबदारी आहे.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत शिकतो. त्याच्या कॉलेजचा ॲथलेटिक डायरेक्टर अचानक पद सोडून गेला, तर हा आणि त्याचे मित्र दोन दिवस जेवले नाहीत नीट. एका अधिकाऱ्यासाठी एवढं?
– एक वडील, मनीष नगर

उत्तर : त्याला हसू नका. तिथे हे पद फार मोठं आहे. फुटबॉल, बास्केटबॉलचे प्रशिक्षक नेमणं आणि काढणं, देणग्या, तिकिटं, टीव्हीचे पैसे, सगळं त्याच्याकडे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमवर एक लाखाहून जास्त माणूस बसतो, यावरून अंदाज करा. शिवाय १ जुलै २०२५ पासून मोठी कॉलेजं आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. ते कोणत्या खेळाला किती, हेही त्या ऑफिसातच ठरतं. डायरेक्टर बदलला की प्रशिक्षकाची खुर्ची हलते, आणि प्रशिक्षकामागोमाग खेळाडूही दुसऱ्या कॉलेजात जातात. तुमच्या मुलाला भीती त्याची आहे. पुढच्या फोनवर ‘अभ्यास कर’ म्हणायच्या आधी त्याला विचारा, नवीन माणूस यायला किती वेळ लागेल आणि तोवर टीम कोण बघतंय. तो तासभर बोलेल.