‘शोध’ घेतला की ‘शोध’ लागला?

प्रश्न असा आहे : “‘बटु दीर्घिकांतील कृष्णद्रव्याचा शोध’ असा मथळा वाचून वाटले की कृष्णद्रव्य सापडले. लेखात मात्र ‘गॅमा किरण दिसले नाहीत, कमाल मर्यादा मिळाली’ असे आहे. मग मथळ्यातला ‘शोध’ चुकला का? आणि काही सापडलेच नाही, तर मर्यादा कसली मिळाली?”

(कृष्णद्रव्य म्हणजे स्वतः न दिसणारे, गुरुत्वाकर्षणातून जाणवणारे द्रव्य. बटु दीर्घिका म्हणजे थोड्या ताऱ्यांची छोटी दीर्घिका. गॅमा किरण म्हणजे सर्वांत जास्त ऊर्जेचा प्रकाश.) शब्द चुकलेला नाही, त्याचे क्रियापद गळले आहे. शोध घेणे किंवा करणे ही खटपट. शोध लागणे किंवा लावणे हे त्या खटपटीचे फळ. पोलीस चोराचा शोध घेतात, पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये लागला. वाक्यात हा फरक क्रियापद सांभाळते. मथळ्यात ते गेले की वाचक फळाचाच अर्थ धरतो, कारण बातमी बहुधा फळाची असते. दोन्ही अर्थ एकाच विषयात कसे येतात ते पाहा : रेटिक्युलम २ या बटु दीर्घिकेचा शोध २०१५ मध्ये लागला आणि त्याच वर्षी तिच्यात कृष्णद्रव्याच्या खुणांचा शोध घेतला गेला. इथे क्रियापदांची अदलाबदल केली तर दुसरे विधान सरळ खोटे ठरते.

‘शोध’ हा ‘शुध्’ धातूपासून आला आहे. शुद्ध करणे, गाळसाळ काढणे हा त्याचा मूळ अर्थ, तो ‘शोधन’ आणि ‘शुद्धिपत्र’ यांत अजून जिवंत आहे. या कामाला तो नेमका लागू पडतो, कारण इथली बरीचशी मेहनत पाखडण्याचीच आहे. कृष्णद्रव्याचे कण एकमेकांना भेटून त्यांचे विलोपन होत असेल, तर त्यातून शेवटी गॅमा किरण निघावेत अशी अपेक्षा आहे. (विलोपनाला ‘नाश’ म्हणू नये, कण जातात, ऊर्जा उरते.) कालेय किंवा ध्रुवमत्स्य या तारकासमूहांतल्या बटु दीर्घिका यासाठी निवडतात, कारण त्यांत तारे थोडे, वायू जवळजवळ नाही आणि स्वतःचे गॅमा किरण निर्माण करणारे दुसरे काही फारसे नाही. कृष्णद्रव्य मात्र ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या कितीतरी पट. तिथून जास्तीचे किरण आले, तर संशयाला दुसरा धनी सापडणे कठीण.

तरीही त्या दिशेने गॅमा किरण येतातच. आपल्या आकाशगंगेतल्या वायूवर वैश्विक किरण (अवकाशात धावणारे वेगवान कण) आदळून ते निघतात, दूरच्या दीर्घिकांच्या क्रियाशील केंद्रकांतूनही येतात. म्हणून लेखातले ‘गॅमा किरण दिसले नाहीत’ हे वाक्यच दुरुस्त करायला हवे. ‘पार्श्वभूमीपेक्षा जास्त गॅमा किरण दिसले नाहीत’ हे बरोबर. ‘जास्त’ हा शब्द तिथे शोभेपुरता नाही, सगळा निष्कर्ष त्याच्यावर उभा आहे.

आता मर्यादेकडे. आधी बटु दीर्घिकेतल्या ताऱ्यांचे वेग मोजतात आणि त्यांच्या विखुरण्यावरून कृष्णद्रव्याची घनता काढतात. विलोपनाला दोन कण लागतात, म्हणून किरणांचे प्रमाण घनतेच्या वर्गावर ठरते : घनता दुप्पट, तर किरण चौपट. घनतेतली चूकही तशीच फुगते. जोडताऱ्यांचा परस्परांभोवतीचा वेग दीर्घिकेचा समजून मोजला गेला, किंवा आपल्या आकाशगंगेतला एखादा तारा चुकून यादीत आला, की दीर्घिका आहे त्यापेक्षा जड भासते. मोजलेले तारे मोजकेच असतील तर हा धोका मोठा. त्यानंतर २००८ पासून सगळे आकाश पुन्हापुन्हा न्याहाळणाऱ्या फर्मी या अवकाशातल्या गॅमा किरण दुर्बिणीच्या नोंदींतून त्या जागेचे किरण मोजतात आणि विचारतात : विलोपनाचा दर किती असता, तर आत्तापर्यंत ते आपल्याला दिसलेच असते? त्या दरापेक्षा खरा दर जास्त नाही, हे सहसा ९५ टक्के खात्रीने सांगता येते. मिळाले ते हे.

हे मिळणे थोडे नाही. कृष्णद्रव्य आज जेवढे आहे तेवढे उरायला विश्वाच्या आरंभी विलोपनाचा दर सेकंदाला सुमारे ३ भागिले १० चा २६ वा घात इतके घनसेंटिमीटर असायला हवा होता, असे एक सरळ गणित सांगते. फर्मीच्या चमूने २०१५ मध्ये १५ बटु दीर्घिकांची ६ वर्षांची निरीक्षणे एकत्र केली, तेव्हा सुमारे १०० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा (हे कणांचे वस्तुमान आणि ऊर्जा मोजायचे एकक) हलक्या कणांसाठी मर्यादा या आकड्याच्याही खाली गेली. म्हणजे या दराने विलोपन होणारे एवढे हलके कण बाद झाले. अर्थात विलोपन बॉटम क्वार्क किंवा टाऊ कणांच्या वाटेने होते, म्हणजे त्यातून आधी हे मूलकण निघतात, असे धरून. ही अट गाळून ‘हलके कण नाहीत’ लिहिणे ही लेखातली गंभीर चूक ठरेल.

‘कमाल मर्यादा’ मला पसंत नाही. वेगमर्यादेसारखा कुणी घालून दिलेला नियम, किंवा कण गाठू शकतो ती सीमा, असा अर्थ तिच्यातून निघतो. मर्यादा निसर्गावर नाही, आपल्या माहितीवर आहे. ‘दर यापेक्षा जास्त नाही’ असे वाक्यच लिहावे. संज्ञा हवीच असेल तर ‘वरची मर्यादा’ चालेल.

शोध घेणे आणि लागणे यांच्या मधल्या अवस्थेलाही शब्द लागतो. रेटिक्युलम २ च्या दिशेने एका गटाला २ ते १० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट या पट्ट्यात किंचित जास्त किरण दिसले होते. नोंदींवर सुधारित प्रक्रिया करून फर्मीच्या चमूने पाहिले, तेव्हा त्यांना ते ठळक वाटले नाहीत. याला ‘सुगावा लागला’ म्हटले तर चोर तिथे आहे हे आधीच मान्य केल्यासारखे होते. ‘चाहूल’ही येणाऱ्याला गृहीत धरते, ‘भास’ उलट निकाल देऊन मोकळा होतो. ‘संकेत’ त्यातल्या त्यात तटस्थ, आणि ‘किंचित जास्त किरण दिसले’ हे सर्वांत प्रामाणिक.

‘कृष्णद्रव्य’ राहू द्यावे, रुळले आहे. ते काळे नसून प्रकाश आरपार जाऊ देणारे आहे, एवढे लेखात एकदा सांगावे. ‘बटु’ आणि ‘खुजी’ दोन्ही चालतात, मात्र एका लेखात एकच. मथळा मी असा करेन : ‘बटु दीर्घिकांत कृष्णद्रव्याचा शोध सुरूच, जास्तीचे गॅमा किरण नाहीत’.